तोंडावर आणि पाठीमागे

निवडणूक जवळ आली की मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक प्रकार हमखास घडतो. सकाळी कुणीतरी स्तोत्रसंहितेतलं वचन टाकतं, त्याला वीस-पंचवीस जण हात जोडतात. दुपारी त्याच ग्रुपवर एका उमेदवाराचा फोटो येतो, खाली दोन ओळींचा आरोप आणि शेवटी 'विश्वासी लोकांनो, जागे व्हा'. संध्याकाळपर्यंत तिघांनी ग्रुप सोडलेला असतो. रविवारी उपासनेला सगळे येतात, पण वर्षानुवर्षं एका बाकावर बसणारे दोघं त्या दिवशी वेगवेगळ्या बाकांवर दिसतात. कुणी बोलून दाखवत नाही. कळलेलं मात्र सगळ्यांना असतं.

यावर ठरलेला तोडगा म्हणजे अ‍ॅडमिनची सूचना: 'कृपया इथे राजकारण नको.' ग्रुप शांत होतो, माणसं होत नाहीत. ती दोन लहान ग्रुप काढतात, एकात या मताची आणि दुसऱ्यात त्या मताची. ज्याच्याविषयी बोलायचं तो समोर नसल्यामुळे तिथली भाषा मोठ्या ग्रुपपेक्षा कितीतरी वाईट असते. मोठ्या ग्रुपवर निदान सुरुवात तरी 'प्रिय बंधू' अशी व्हायची. बंदीने भांडण मिटत नाही. तोंडावरचं पाठीमागे जातं, एवढंच.

कळीचा मुद्दा इथेच आहे असं मला वाटतं. ख्रिस्ती माणसाने राजकीय मतभेदात सभ्यतेने वागावं असं म्हटलं की बहुतेकांना आवाज आठवतो: हळू बोला, हसून बोला, नाहीतर विषय बदला. मृदू उत्तराने राग शमतो हे नीतिसूत्रांच्या पंधराव्या अध्यायातलं पहिलंच वचन आहे, ते खरंच आहे. पण आवाज मृदू ठेवून एखाद्याविषयी धडधडीत खोटं बोलता येतं, आणि मंडळीत ते बोललंही जातं. म्हणून सुरुवात आवाजापासून न करता साक्षीपासून करावी. 'तू आपल्या शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको', निर्गम २०:१६. दहा आज्ञांच्या रोमन कॅथलिक आणि लुथरन मोजणीत ही आठवी आज्ञा, इतर बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत नववी. आकडा कुठलाही धरा, ज्याच्या विरोधात आपण मत देणार आहोत तोही 'शेजारी' या शब्दात येतोच.

आज्ञा मुळात न्यायसभेतली. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात तिची कलमं आहेत. एकाच साक्षीदाराच्या शब्दावर कुणाला दोषी धरायचं नाही, दोघे किंवा तिघे हवेत. साक्ष खोटी निघाली तर समोरच्याला जी शिक्षा व्हावी म्हणून तो साक्षीदार उभा राहिला होता, तीच त्याला. १५६३ च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीने, म्हणजे प्रश्नोत्तरांतून विश्वास शिकवणाऱ्या प्रॉटेस्टंट पुस्तिकेने, ही आज्ञा न्यायसभेतून घरात आणली. तिच्या ११२व्या उत्तराचा आशय असा: कुणाच्या शब्दांना पीळ देऊ नये, चहाडी आणि निंदा करू नये, आणि कुणाचं म्हणणं न ऐकता उतावीळपणे त्याला दोषी ठरवण्यात सामील होऊ नये. त्यातल्या 'सामील' या शब्दापाशी मी नेहमी थांबतो. आरोप आपण रचलेला नसतो, नुसता पुढे ढकललेला असतो, आणि तेवढ्यावर आपण स्वतःला मोकळं समजतो. या उत्तरात ती पळवाट ठेवलेली नाही.

फॉरवर्ड हातात आला की दोन-तीन साक्षीदारांचा तो जुना नियम जसाच्या तसा लावता येतो. तीस जणांनी पाठवलेला एकच मेसेज म्हणजे तीस साक्षीदार नव्हेत. एकच साक्षीदार तीसदा बोललेला असतो. दुसरा साक्षीदार म्हणजे पहिल्याची नक्कल न करता तीच गोष्ट स्वतः पाहून किंवा तपासून सांगणारा. व्हिडिओ असेल तर तीन गोष्टी बघाव्यात: तो कधीचा आहे, बोलणाऱ्याचं वाक्य कुठे सुरू होऊन कुठे संपतं, आणि तो कुठल्या प्रश्नाला उत्तर देत होता. सात-आठ सेकंदांच्या तुकड्यात यातलं दुसरं आणि तिसरं जवळजवळ नेहमीच कापलेलं असतं. 'काही लोक असं म्हणतात की...' यातला पुढचा भाग तेवढा ठेवला की विरोधकाचं मत बोलणाऱ्याच्या तोंडी जातं. याला कसब लागत नाही, कात्री पुरते.

सगळ्यात फसवी वेळ असते ती मेसेज वाचून आपल्याला बरं वाटतं तेव्हाची. 'वाटलंच होतं मला' असं मनात आलं की समजावं, तपासणी इथेच सुटणार आहे. न आवडणाऱ्या बातमीचा उगम आपण शोधतो, आवडणारीला मात्र घरात घेतो. तेव्हा ती आवडली हेच तपासायचं कारण धरावं.

चूक झालीच तर? 'डिलीट फॉर एव्हरीवन' दाबून ती पुसली जात नाही, कारण वाचणाऱ्यांनी वाचलेलं असतं. जिथे टाकलं तिथेच, तितक्याच मोठ्याने, नेमकं लिहावं: 'काल मी टाकलेला व्हिडिओ चार वर्षांपूर्वीचा निघाला. त्यांचं वाक्य अर्धवट होतं, पूर्ण वाक्याचा अर्थ उलट होतो. चूक माझी. ज्यांनी पुढे पाठवला असेल त्यांनी हेही पाठवावं.' यात 'जर' नाही आणि 'पण' नाही. 'कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर क्षमस्व' या वाक्याने क्षमा मागितली जात नाही. समोरच्याला हळवं ठरवलं जातं. 'चूक झाली, पण तो माणूस तसाच आहे' असं लिहिणाऱ्याने तर खोटी साक्ष मागे घेता घेता दुसरी दिली.

आता समोरासमोरच्या बोलण्याकडे येऊ. याकोबाच्या पत्राच्या पहिल्या अध्यायात क्रम दिलेला आहे: ऐकायला तत्पर, बोलायला धीमा, रागाला मंद. हा क्रम उलटा झाला की काय होतं ते नीतिसूत्रे १८ मध्ये एकाच पानावर दोनदा आलंय. तेराव्या वचनात ऐकून घेण्याआधी उत्तर देणाऱ्याला मूर्ख म्हटलंय. सतराव्यात म्हटलंय की वादात पहिला बोलतो तो खराच वाटतो, दुसरा येऊन त्याची उलटतपासणी करेपर्यंत. ऐकलं की नाही हे तपासण्याची कसोटी साधी आहे. समोरच्याचं म्हणणं आपण आपल्या शब्दांत सांगायचं, आणि त्याने 'हो, असंच म्हणायचंय मला' म्हटल्याशिवाय आपलं उत्तर सुरू करायचं नाही. सोपी वाटते, पण पहिल्या खेपेला बहुतेक जण नापास होतात.

समजा विषय आहे सरकारने गरीब कुटुंबांच्या खात्यात थेट पैसे भरावेत की नाही. मंडळीतला एक तरुण बाजूने आहे, एक वडीलधारे गृहस्थ विरोधात.

'म्हणजे लोकांनी काम सोडून बसून खावं, असंच ना तुझं म्हणणं?'

'काका, मी तसं म्हटलेलं नाही.'

'बरं. मग तुझं म्हणणं असं की काम सगळ्यांना मिळतंच असं नाही, आणि मिळेपर्यंत पोरं उपाशी राहू नयेत.'

'हो, पण अजून एक आहे. धान्य दिलं की त्या घरात काय लागतं ते आपण ठरवतो. पैसे दिले की त्या घरातली बाई ठरवते.'

'म्हणजे विश्वास टाकायचा म्हणतोस.'

'हो. असंच.'

इथवर यायला तीन-चार मिनिटं लागतात. काकांचं मत बदललेलं नाही, बदलायलाही नको. पण 'आळस' या शब्दावर जे भांडण होणार होतं ते आता 'विश्वास' या शब्दावर होईल. ती जागा खरी आहे, कारण काकांचा विरोध तिथेच आहे. पैसा घरात आला तरी तो त्या बाईच्या हाती राहील का, याची त्यांना शंका आहे. मग हाच खेळ उलट्या दिशेने. तरुणाने काकांचं म्हणणं मांडायचं: 'तुम्हाला गरिबांची कणव नाही असं नाही, पैसा चुकीच्या हाती जाईल आणि मिंधेपणा अंगवळणी पडेल, याची तुम्हाला भीती आहे.' हे ऐकताना काकांचे खांदे जरा सैल होतात. आपलं म्हणणं दुसऱ्याच्या तोंडून वाकडं न होता ऐकायला मिळणं ही दुर्मीळ गोष्ट आहे.

याच प्रश्नावर दोघांकडे वचनंही आहेत, आणि खरी अडचण तिथून सुरू होते. काका पौलाचं थेस्सलनीकाकरांस दुसरं पत्र काढतील: जो काम करू इच्छित नाही त्याने खाऊही नये. तरुण लेवीय १९ काढेल: शेताच्या कडा कापू नका, पडलेली कणसं वेचू नका, ती गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या. आता लेवीयातला तो नियम जरा जवळून बघा. कडा सोडणं मालकाच्या मर्जीवर ठेवलेलं नाही, ते नियमशास्त्र आहे. म्हणजे काकांना न आवडणारी सक्ती त्यात आहे. पण धान्य कापून घरपोच दिलेलं नाही. गरिबाने येऊन, वाकून, स्वतः वेचायचं आहे, म्हणजे तरुणाला फारसे न आवडणारे कष्टही त्यात आहेत. पौलाचं वाक्यही नीट वाचावं. 'काम करत नाही' असं तिथे नाही, 'काम करू इच्छित नाही' असं आहे. काम मागून न मिळालेला त्यात बसत नाही. दोघांनी आपापलं वचन फेकण्याऐवजी दोन्ही वचनं शेजारी ठेवून वाचली, तर दोघांचीही थोडी पंचाईत होते. ती व्हावी.

वचन फेकण्याची सगळ्यात ओळखीची जोडी म्हणजे रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय आणि प्रेषितांची कृत्ये ५:२९. आपल्या पसंतीचं सरकार असलं की 'वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या अधीन राहा'. नसलं की 'मनुष्यांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे'. फारच राग आला तर प्रकटीकरणाच्या तेराव्या अध्यायातलं श्वापद, म्हणजे देवाविरुद्ध उठलेली सत्ता. सरकार बदलतं त्या आठवड्यात ही वचनं हात बदलतात. स्वतःपुरती तपासणी अशी: गेल्या सरकारच्या वेळी मी यातलं कुठलं वचन म्हणत होतो?

इथे एक भेद बोलताना रोज पाळण्यासारखा आहे. उपाशी माणसाला खायला द्यावं, परक्याला छळू नये, तराजूत खोट ठेवू नये या आज्ञा आहेत. त्यासाठी कर किती असावा, कुठला कायदा करावा, कुणाला निवडून द्यावं हे अंदाज आहेत. अभ्यासाने केलेले असतील, प्रार्थनापूर्वक केलेले असतील, तरी अंदाजच. 'देवाची इच्छा आहे की अमक्यालाच मत द्यावं' असं म्हणणारा अंदाजाला आज्ञेचा शिक्का मारतो, आणि मग त्याच्याशी असहमत होणारा आपोआप देवद्रोही ठरतो. 'माझ्या अंदाजाने' हे दोन शब्द वाक्याच्या सुरुवातीला ठेवले की अर्धी धग कमी होते, आणि वाक्य खरंही होतं.

यहोशवाने यरीहोजवळ उपसलेली तलवार घेतलेला पुरुष पाहिला आणि विचारलं, तू आमच्या बाजूचा की शत्रूच्या? उत्तर आलं, 'नाही.' प्रश्न 'हा की तो' असा होता, उत्तर 'नाही' असं आहे. तो परमेश्वराच्या सेनेचा सरदार होता. त्याने यहोशवाला पायांतलं पादत्राण काढायला सांगितलं. कुठल्या बाजूचा, ते सांगितलं नाही. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपत आलेलं असताना, ४ मार्च १८६५ रोजी, अब्राहम लिंकनने आपल्या दुसऱ्या शपथविधीच्या भाषणात सांगितलं की दोन्ही बाजू तेच बायबल वाचतात, त्याच देवाला आळवतात आणि एकमेकांविरुद्ध त्याची मदत मागतात. तो जिंकत आलेल्या बाजूचा होता, आणि गुलामगिरी हा गुन्हा आहे याविषयी त्याला शंका नव्हती. तरी त्या गुन्ह्याचं माप त्याने एकट्या दक्षिणेच्या पदरात घातलं नाही.

तुच्छता आणि दोषारोप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायाने फार बारकाईने टिपलंय. रोममधल्या विश्वासी लोकांत खाण्यापिण्यावरून आणि सणवारांवरून दोन तट पडले होते. काही जण सगळं खात, काही फक्त भाजीपाला. पौल तिसऱ्या वचनात दोघांना एकच समज देत नाही. खाणाऱ्याला सांगतो, न खाणाऱ्याला तुच्छ मानू नको. न खाणाऱ्याला सांगतो, खाणाऱ्याला दोषी ठरवू नको. ज्याला मोकळीक वाटते त्याचा मोह हसण्याचा, ज्याला बंधन वाटतं त्याचा मोह न्यायाधीश होण्याचा. राजकारणात हेच दिसतं. एका बाजूचे दुसऱ्यांना अडाणी, मागासलेले, अजून तिथेच अडकलेले म्हणतात. दुसऱ्या बाजूचे पहिल्यांना भ्रष्ट, विकले गेलेले, विश्वासातून ढळलेले म्हणतात. प्रत्येकाला दुसऱ्याचं पाप ठळक दिसतं, कारण ते आपल्या पापाहून वेगळं आहे. हसणाऱ्याला वाटतं, मी कुठे कुणाला नरकात पाठवलं? न्याय करणाऱ्याला वाटतं, मी कुठे कुणाची टिंगल केली?

समोरच्याच्या बोलण्याचा अर्थ कसा लावावा यावर सोळाव्या शतकातल्या दोन माणसांनी जवळजवळ एकच गोष्ट लिहून ठेवली आहे. हे दोघं एका मेजावर कधीच बसले नसते. प्रॉटेस्टंट सुधारक मार्टिन लुथरच्या १५२९ च्या लहान प्रश्नोत्तरीत खोट्या साक्षीच्या आज्ञेचं स्पष्टीकरण आहे: शेजाऱ्याची बाजू घ्यावी, त्याच्याविषयी चांगलं बोलावं, आणि त्याच्या कृतीचा होईल तितका चांगला अर्थ लावावा. येशूसंघ या कॅथलिक संघाचा संस्थापक इग्नाशियस लोयोला याच्या आत्मिक साधनेच्या पुस्तकात, जे १५४८ मध्ये छापलं गेलं, सुरुवातीलाच पायऱ्या आहेत. समोरच्याचं वाक्य दोषी ठरवण्याआधी त्याचा चांगला अर्थ लागतो का बघा. लागत नसेल तर त्यालाच विचारा, तुला काय म्हणायचंय. त्याचा अर्थ खरोखर चुकीचा असेल तर प्रेमाने दुरुस्त करा. आपण बहुधा पहिल्या दोन पायऱ्या गाळून तिसरीवर उडी घेतो, आणि प्रेम खालीच राहतं. लुथरविषयी एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. इतकं नेटकं लिहिणाऱ्या या माणसाची लेखणी विरोधकांवर चालली की शिव्यांची लाखोली वाहायची, आणि १५४३ मध्ये त्याने ज्यूंविरुद्ध जे लिहिलं ते आजही वाचवत नाही. नियम माहीत असणं आणि रागात तो आठवणं यांत बरंच अंतर आहे.

मेथडिस्ट चळवळीच्या जॉन वेस्लीचंही थोडंफार तसंच. ६ ऑक्टोबर १७७४ च्या रोजनिशीत त्याने लिहिलंय की येत्या निवडणुकीत मताचा अधिकार असलेल्या आपल्या लोकांना त्याने तीन गोष्टी सांगितल्या. सर्वांत योग्य वाटेल त्याला, काही न घेता मत द्या. ज्याच्या विरोधात मत दिलं त्याच्याविषयी वाईट बोलू नका. आणि दुसऱ्या बाजूला मत देणाऱ्यांविषयी तुमच्या मनाला धार चढणार नाही याची काळजी घ्या. त्या काळी इंग्लंडमध्ये मतासाठी पैसा आणि दारू उघड वाटली जायची, त्यामुळे पहिला सल्ला नुसता नीतीचा नव्हता, खिशाचाही होता. तिसरा मला सगळ्यात अवघड वाटतो, कारण तो जिभेला नाही, मनाला उद्देशून आहे, आणि मनाला धार चढताना आवाज होत नाही. पुढच्याच वर्षी वेस्लीने अमेरिकन वसाहतींच्या प्रश्नावर एक पत्रक काढलं. नावातच 'शांतपणे केलेलं निवेदन' असं होतं, आणि त्यावरून इतका गदारोळ उठला की एका विरोधी धर्मोपदेशकाने त्याला उत्तरादाखल काढलेल्या पुस्तिकेच्या नावातच 'म्हातारा कोल्हा' म्हटलं.

कोल्ह्यावरून आठवलं. येशूने हेरोदाला कोल्हा म्हटलं होतं, शास्त्री-परूश्यांना चुना लावलेल्या कबरा म्हटलं होतं, मंदिरात दोऱ्यांचा कोरडा वळला होता, मग आम्हीच का गप्प बसायचं? सभ्यतेचा विषय निघाला की हा प्रश्न कुणीतरी विचारतंच, आणि तो टाळण्यासारखा नाही. पण त्या कठोर शब्दांचा रोख बघावा. ते सत्तेवर बसलेल्यांना आणि धर्माचं पुढारपण करणाऱ्यांना उद्देशून आहेत, उघड आहेत, आणि ते बोलल्याची किंमत बोलणाऱ्याने स्वतः मोजली. याउलट शोमरोनी लोकांच्या एका गावाने येशूला उतरू दिलं नाही तेव्हा याकोब आणि योहान या शिष्यांनी विचारलं, आकाशातून अग्नी पडून यांचा नाश व्हावा असं आम्ही सांगावं का? तेव्हा तो वळला आणि धमकावलं ते या दोघांना (लूक ९). कोरड्याचा दाखला देणाऱ्यांच्या तोंडी लूकचा नववा मी फारसा ऐकलेला नाही.

सभ्यतेच्या नावाखाली अन्याय सोसायला लावणं हा दुसऱ्या टोकाचा दोष, आणि मंडळ्यांत तो पहिल्याइतकाच आढळतो. अमेरिकेतल्या बर्मिंगहॅम शहरात १९६३ च्या एप्रिलमध्ये आठ धर्मगुरूंनी काळ्या लोकांच्या निदर्शनांना अविचारी आणि अवेळी ठरवणारं निवेदन काढलं. भाषा अगदी शालीन होती. मार्टिन लुथर किंग यांनी तुरुंगातून १६ एप्रिलच्या तारखेचं जे उत्तर लिहिलं त्याची सुरुवात 'माझ्या प्रिय सहकारी धर्मसेवकांनो' अशी आहे. तुमचा हेतू चांगला आहे आणि टीका मनापासूनची आहे असं मी धरून चालतो, हेही ते आधीच सांगतात. मग त्यांचा एकेक आक्षेप त्यांच्याच शब्दांत घेऊन मोडून काढतात. आवाज चढत नाही आणि एक इंचही माघार नाही. १९३४ मध्ये जर्मनीत बार्मेन इथे नाझी विचार मंडळीत घुसवणाऱ्यांविरुद्ध जो जाहीरनामा झाला, त्याची सहा कलमं याच बांधणीची आहेत: आधी वचन, मग आम्ही काय मानतो, मग आम्ही काय धिक्कारतो. धिक्कार शिकवणीचा आहे, कलमांत कुणा माणसाला नाव घेऊन झोडपलेलं नाही. पण त्यात ज्यूंच्या छळाविषयी एक शब्द नव्हता. मुख्य मसुदा लिहिणाऱ्या कार्ल बार्टने पुढे ती स्वतःची चूक मानली. साक्ष खोटी नसली तरी अपुरी असू शकते.

तेव्हा ज्याच्या घरावर, पोटावर किंवा अंगावर एखाद्या कायद्याचा घाव पडतोय, त्याला 'जरा सौम्य बोला' सांगायची घाई करू नये. त्याचा आवाज का चढला ते आधी ऐकावं. ज्याचं काहीच जाणार नाही त्याला शांत राहणं स्वस्त पडतं.

मंडळीत अशी चर्चा मुद्दाम घडवून आणायची असेल तर बैठकीची रचनाच बरंचसं काम करते. आठ ते दहा माणसं, दीड तास, आणि विषय एकच, तोही प्रश्नाच्या रूपात. 'देशाची सद्यस्थिती' हा विषय नव्हे. माणसं गोलात बसावीत. समोरासमोर दोन रांगा लावल्या की दोन पक्ष खुर्च्याच पाडतात. पहिल्या फेरीत प्रत्येकाला दोन मिनिटं, आणि बोलायचं ते फक्त 'हा प्रश्न मला का महत्त्वाचा वाटतो' यावर. मत नाही, युक्तिवाद नाही. या फेरीत मध्ये बोलायचं नाही, 'हो ना' सुद्धा नाही, कारण 'हो ना' मोजले जातात. दुसऱ्या फेरीत वर सांगितलेली कसोटी: आधी दुसऱ्याचं म्हणणं, मग आपलं. मोबाइल बंद, आणि इथलं नाव घेऊन बाहेर बोलायचं नाही, हे आधीच ठरवून टाकावं.

बिघडतं ते ठरावीक ठिकाणी. पाळकसाहेब सुरुवातीला आपलं मत सांगून मोकळे होतात. त्यानंतर अर्धे त्यांना दुजोरा देतात आणि अर्धे गप्प बसतात. त्यांनी शेवटी बोलावं, किंवा वेळ मोजायचं काम घ्यावं. कुणीतरी विनोद करतो, सगळे हसतात, ज्याच्या मतावर विनोद झाला तोही हसतो आणि पुन्हा येत नाही. आणि शेवटची प्रार्थना! 'प्रभू, ज्यांचे डोळे अजून उघडलेले नाहीत त्यांना सत्य दाखव.' हे डोळे मिटून केलेलं भाषण आहे, आणि त्याला उत्तर देता येत नाही, कारण सगळ्यांना आमेन म्हणायचं असतं. त्या दिवशी मोकळी प्रार्थना ठेवूच नये. प्रभूची प्रार्थना म्हणावी. तिच्यात 'आम्ही' आणि 'आमचे' आहे, तिथे दुसऱ्याला टोमणा बसवायला जागा नाही. 'मी तुमच्यासाठी प्रार्थना करतो' हे वाक्यही वादाच्या शेवटी टाकू नये. करायची तर घरी करावी, विरोधी नेत्याचं नाव घेऊन, त्याच्या आरोग्यासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी. राजांसाठी आणि अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करा असं तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहे, आणि ते राजे लिहिणाऱ्याच्या पसंतीचे नव्हते.

एखाद्याशी खासगीत खटकलं असेल तर मत्तय १८ ची वाट आहे: आधी दोघांनीच एकांतात, मग एक-दोघांना घेऊन, मग मंडळीपुढे. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे दुसरी पायरी आधी घेणं. 'तुला सांगू का, तो काय म्हणाला' असं तिसऱ्याला सांगून त्याला साक्षीदार म्हणून तयार ठेवायचं, आणि ज्याने दुखावलं त्याला काही पत्ताच नाही. लेखी वादात तर पहिली पायरी लिहून घेऊ नये. फोन करावा किंवा भेटावं, तेही रात्री दहानंतर नको. जे जाहीर घडलं त्याला मात्र जाहीर उत्तर देता येतं. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीय विश्वासी लोकांच्या पंगतीतून उठून वेगळा बसायला लागला तेव्हा पौलाने त्याला सगळ्यांदेखत, तोंडावर अडवलं. तोंडावर. मग तीच गोष्ट गलतीकरांना लिहून कळवली, पण पेत्राला आधी माहीत होती.

पेत्राच्या पहिल्या पत्रात आपल्या आशेविषयी विचारणाऱ्याला उत्तर द्यायला सिद्ध असा, पण ते 'सौम्यतेने व भीडस्तपणाने' द्या, असे जुन्या मराठी भाषांतरातले शब्द आहेत. भीडस्त म्हटलं की आज आपल्याला लाजराबुजरा, 'नाही' म्हणता न येणारा माणूस आठवतो. पण भीड म्हणजे समोरच्याचा मान राखताना आपल्याला वाटणारा संकोच. तो मत सांगण्याआधी वाटायचा संकोच नाही, माणूस मोडण्याआधी वाटायचा आहे. आपण 'भीड न बाळगता बोललो' हे हल्ली फुशारकीने सांगतो.

हे सगळं करूनही काही मतभेद मिटत नाहीत. पौल आणि बर्णबा यांचा मिटला नाही. पंफुल्यात आपल्याला सोडून गेलेल्या मार्काला पुन्हा बरोबर घ्यायचं की नाही यावर प्रेषितांची कृत्ये १५ मध्ये त्यांचा इतका कडाक्याचा वाद झाला की ते वेगळे झाले. बर्णबा मार्काला घेऊन तारवात बसून कुप्राला गेला. पौल सीलाला घेऊन सिरिया आणि किलिकियाकडे. बरोबर कोण होता हे त्या पुस्तकाचा लेखक लूक याने लिहिलेलं नाही. पुढे तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी, तुरुंगात हिवाळा तोंडावर आलेला असताना, पौल काही वस्तू मागवतो: त्रोवसात कार्पाकडे राहिलेला झगा, पुस्तकं, विशेषेकरून चर्मपत्रं. आणि त्याआधी दोन ओळी वर एक माणूस: मार्काला आपल्याबरोबर घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे.